स्तनाच्या कर्करोगानंतर काय टाळावं, किती टाळावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्याला राहते. हायर सेकंडरीत रसायनशास्त्र शिकवत होते. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन हे सगळं पार करून आता रोजच्या हार्मोनच्या गोळीवर (म्हणजे हार्मोनला रोखणाऱ्या गोळीवर) आहे. उपचार चालू असतात तोवर काय करायचं ते डॉक्टर आणि सिस्टर सांगत असतात. ते संपले की बाई घरी येते आणि मग प्रश्न सुरू होतात: हे खाऊ का, ते लावू का, हा डबा फेकून देऊ का? बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीबाहेर, लग्नाच्या पंगतीत, देवळात, फोनवर जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषध सुरू करणं, थांबवणं, तपासण्या ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा. रोजच्या जगण्यातल्या निवडी मात्र आपल्या असतात, आणि त्या निवडींसाठी हे पान आहे.

माझ्याच हातून काही चुकलं म्हणून हा आजार झाला का?

नाही. हा प्रश्न पहिला घेतला, कारण पुढचं सगळं नीट वाचायचं तर हे ओझं आधी उतरायला हवं. स्तनाच्या कर्करोगाचे सगळ्यांत मोठे धोके म्हणजे बाई असणं आणि वय वाढणं. साधारण ५ ते १० टक्के बायकांमध्ये आईवडिलांकडून आलेला जनुकातला बदल कारण असतो. मासिक पाळी लवकर येणं, उशिरा जाणं, मूल न होणं किंवा उशिरा होणं यांचाही वाटा असतो, आणि यातलं किती आपल्या हातात होतं? कुठल्या एका बाईला नेमका कशाने कर्करोग झाला हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही. तुम्हाला भेटायला येऊन ‘तू बाहेरचं फार खायचीस’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनाही ते माहीत नसतं.

‘अमुक गोष्ट कर्करोगकारक यादीत आली’ असे मेसेज येतात. ही यादी नेमकी काय आहे?

फ्रान्समध्ये ल्योन शहरात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था आहे. ती जागतिक आरोग्य संघटनेचाच भाग. जगभरचा अभ्यास तपासून ती पदार्थांचे, कामांचे, सवयींचे गट करते. गट १ म्हणजे माणसात कर्करोग होतो हे पक्कं. गट २अ म्हणजे बहुधा होतो, २ब म्हणजे होत असावा, आणि गट ३ म्हणजे काही ठरवण्याइतका पुरावा नाही. पहिल्या गटात आज सव्वाशेहून जास्त नोंदी आहेत.

आता खरी मेख. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा आहे ते तो सांगत नाही. सिगारेट गट १ मध्ये आहे, सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांसही गट १ मध्ये आहे, आणि सूर्यप्रकाशही. म्हणून अंगणात वाळवण घालणं आणि रोज पाकीटभर सिगारेट ओढणं सारखं होत नाही. शिवाय कर्करोग कुठला, हेही पाहावं लागतं. यादीतल्या बऱ्याच गोष्टींचा संबंध फुप्फुसाशी, यकृताशी, तोंडाशी किंवा आतड्याशी असतो, स्तनाशी नसतो.

असा मेसेज आला की मी त्यात चार गोष्टी शोधते. गट कुठला? कर्करोग कुठल्या अवयवाचा? किती प्रमाणात, किती वर्षं? आणि शरीरात जातं कसं: खाऊन, श्वासातून की कातडीवाटे? बहुतेक मेसेजमध्ये यातलं एकही उत्तर नसतं.

टक्क्यांबद्दलही एक सांगते. ‘धोका १० टक्क्यांनी वाढतो’ असं वाचलं की वाटतं, शंभरातल्या दहाजणी जास्त आजारी पडणार. तसं नसतं. समजा एखाद्या गटात शंभरातल्या दहाजणींना आजार होणार होता, तर १० टक्के वाढ म्हणजे त्या दहाच्या अकरा होतात. ती वाढ खरीच असते, पण तिचा आकार कळला की पोटातला गोळा थोडा सैल होतो.

त्याच यादीत टॅमॉक्सिफेनचंही नाव आहे म्हणे. मग ही गोळी बंद करू का?

बंद करू नका. टॅमॉक्सिफेन ही आपल्या हार्मोनच्या गोळ्यांपैकीच एक. यादीत नाव आहे हे खरं, आणि तेही गट १ मध्ये. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांमध्ये तो दुपटीहून जास्त होतो. मुळात तो कमी असतो, म्हणून दुप्पट होऊनही आकडा लहानच राहतो. दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. ज्यांची गाठ इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह आहे (म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणारी आहे), त्यांनी पाच वर्षं ही गोळी घेतली तर स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं, आणि हा फायदा गोळी संपल्यावरही वर्षानुवर्षं टिकतो. ही गोळी दुसऱ्या स्तनातला नवा कर्करोगही टाळते, आणि हे त्याच संस्थेने त्याच नोंदीत लिहिलं आहे.

यादीतलं नाव वाचून निर्णय घेतला तर काय होऊ शकतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही. इथली सावधगिरी म्हणजे गोळी चालू ठेवायची आणि पाळी गेल्यानंतर अंगावरून थोडंसं जरी रक्त गेलं, किंवा पाळी चालू असताना मध्येच विचित्र रक्तस्राव झाला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायचं. लाजू नका. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ताकावर भागवू नका.

शिगम्याला, लग्नाला थोडी फेणी किंवा एखादी बिअर चालेल का? आमच्याकडे हुर्राक (काजूची हलकी दारू) तर औषधी मानतात.

गोव्यात हा प्रश्न टाळता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मद्य १९८८ पासून गट १ मध्ये आहे, आणि त्यामुळे होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाचा कर्करोग स्पष्टपणे मोजला जातो. यादीतल्या ज्या मोजक्या गोष्टी थेट आपल्या आजाराशी जोडलेल्या आहेत, त्यांतली ही सगळ्यांत सहज हाती येणारी. रोज १० ग्रॅम मद्यार्क पोटात गेला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, आणि प्रमाण वाढेल तसा तो वाढत जातो. मद्यामुळे रक्तातलं इस्ट्रोजेन वाढतं. शिवाय शरीर मद्यार्क पचवताना त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, आणि ते पेशीतल्या डीएनएला इजा करतं.

हे १० ग्रॅम म्हणजे किती? ४२ टक्क्यांच्या आसपासची काजूची फेणी घेतली तर ३० मिलिलिटर, म्हणजे एक छोटा पेग. पाच टक्क्यांची ६५० मिलिलिटरची बिअरची बाटली एकटीने संपवली तर सुमारे २५ ग्रॅम. हुर्राक फेणीपेक्षा सौम्य असतो, पण तो लिम्का घालून उंच पेल्यात घेतात आणि उन्हाळ्यात पेल्यामागून पेला होतो, त्यामुळे हिशेब फेणीच्या पुढेही जातो. काजूची असो, माडाची असो, घरच्या भट्टीची असो की परदेशी वाइन असो, शरीराला मद्यार्क तेवढा कळतो. लाल वाइन हृदयाला चांगली हा युक्तिवाद आपल्या बाबतीत कामाचा नाही.

उपचारांनंतर घेतलेल्या थोड्या मद्यामुळे तोच आजार परत येतो का, यावर अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. दुसऱ्या स्तनात नवा कर्करोग होण्याशी मात्र संबंध दिसला आहे. मी पूर्ण सोडली. माझ्या ओळखीची एक ख्रिस्ती शेजारीण नाताळाला आणि फेस्ताला अर्धा ग्लास घेते. डॉक्टरांना सांगून, ठरवून घेते, आणि तिचं ते ठरवणं मला मान्य आहे. रोजची सवय असेल तर मात्र ती सोडायला मदत मागा. सर्दी-खोकल्याला फेणी पाजायची पद्धत आपल्याकडे आहे. तुम्हाला कोणी देऊ केली तर गरम पाण्याची वाफ घ्या आणि फेणी परत करा.

एवढं सगळं लक्षात राहत नाही. आधी काय सांभाळू?

हार्मोनची गोळी असेल तर ती न चुकता घेणं. त्यानंतर दारू आणि तंबाखू. मग चालणं आणि वजन. पाळी गेल्यानंतर शरीरातलं बरंचसं इस्ट्रोजेन चरबीच्या पेशींमध्ये तयार होतं, म्हणून पोटावरचं वजन हा आपल्या दृष्टीने हार्मोनचाच प्रश्न आहे. आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालावं, असं बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात. मी पहाटे चालते. पावसाळ्यात घरातच व्हरांड्यात फेऱ्या मारते. आणि वर्षाचा मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) चुकवायचा नाही.

खाली प्लास्टिक, डाय, डिओ असं बरंच येणार आहे. त्यातलं काहीही या पहिल्या गोष्टींच्या वजनाचं नाही. सावधगिरीची ताकद महिन्याच्या पगारासारखी मोजकी असते. ती आधी मोठ्या खर्चाला लावायची.

मासळीत फॉर्मेलिन असतं म्हणतात. मासे खाणं सोडू का?

जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीच्या तपासणीवरून गोव्यात केवढा गदारोळ झाला होता ते सगळ्यांना आठवत असेल. सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदीही घातली होती. फॉर्मेलिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्माल्डिहाइड, आणि फॉर्माल्डिहाइड गट १ मध्ये आहे. पण ज्या पुराव्यावरून ते तिथे गेलं तो प्रामुख्याने कारखान्यांत, प्रयोगशाळांत, शवागारांत त्याची वाफ श्वासातून घेणाऱ्या कामगारांचा आहे, आणि कर्करोग नाक-घशाच्या मागच्या भागाचा आणि रक्ताचा. स्तनाचा नाही. माशांमध्ये मेल्यानंतर थोडं फॉर्माल्डिहाइड आपोआपही तयार होतं.

म्हणून मासळीत फॉर्मेलिन घालणं चालतं असं अजिबात नाही. तो गुन्हा आहे आणि तो पकडलाच पाहिजे. आपण मात्र मासे सोडायचं कारण नाही. बांगडा, तारली हे स्वस्त, तेलकट मासे उपचारांनंतर अशक्त झालेल्या बाईला फार उपयोगाचे. ओळखीच्या कोळणीकडून, होडीच्या जवळची मासळी घ्यावी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बाजारातली मासळी बरीचशी बाहेरची असते. त्या दिवसांत मी खाडीतले खुबे, तिसऱ्या मिळाल्या तर घेते, नाहीतर कडधान्यांवर भर देते. ज्या मासळीवर माशी बसत नाही, डोळे खोल गेलेले असूनही अंग रबरासारखं ताठ आहे, ती घेऊ नये, हे आमच्या सासूबाईही सांगायच्या.

चोरीस-पाव, तंदुरी, रेशाद बांगडा यांचं काय?

चोरीस म्हणजे मीठ, व्हिनेगर लावून, वाळवून, धुरावर टिकवलेलं डुकराचं मांस, म्हणजे ‘प्रक्रिया केलेलं मांस’. २०१५ मध्ये ते गट १ मध्ये गेलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा हिशेब तेव्हा दिला होता. हे ‘रोज’ लक्षात ठेवा. वर्षातून दोनतीनदा जत्रेला गेल्यावर खाल्लेला चोरीस-पाव म्हणजे रोजची सवय नव्हे. आपल्याला दुसऱ्या अवयवाचा कर्करोगही नको आहे, म्हणून तो नेहमीच्या खाण्यातून काढावा आणि क्वचित खाल्ला तर मन खात बसू नये.

मांस किंवा मासा जळून काळा पडतो तेव्हा त्यात काही घातक संयुगं तयार होतात. रेशाद मसाला भरलेला बांगडा मध्यम आचेवर भाजा, काळा झालेला भाग काढून टाका. पुरे एवढं.

सोयाबीन खाऊ नको, दूध बंद कर, साखर कर्करोगाला पोसते, असं सगळे सांगतात.

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखी दिसणारी वनस्पतिजन्य संयुगं असतात म्हणून ही भीती आली. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या पाच हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जास्त सोया खाणाऱ्या बायकांमध्ये आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी दिसलं. जेवणातला सोया, टोफू, सोया दूध चालतं. सोयाच्या अर्काच्या एकवटलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका.

दूध सोडायला सांगणारा ठोस पुरावा नाही. लेट्रोझोलसारख्या, हार्मोनला रोखणाऱ्या गोळ्यांनी हाडं विरळ होतात, अशा वेळी कॅल्शियम लागतं. नाचणी, सुकी बारीक मासळी, तीळ यांतूनही ते मिळतं. साखरेने गाठ थेट ‘पोसली’ जात नाही, पण साखरेने वजन वाढतं आणि वजनाचं वर लिहिलंच आहे.

हळदीच्या कॅप्सूल, गावठी काढे, भस्मं घेतली तर काय बिघडतं?

वाईट वाटेल, पण इथे मी कडक आहे. फोडणीतली हळद, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, दुधातली चिमूटभर हळद, काही हरकत नाही. कॅप्सूलचं प्रकरण वेगळं. नेदरलँड्समध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना मोठ्या मात्रेत कुर्क्युमिन (हळदीतलं मुख्य संयुग) दिलं, तेव्हा औषधाचं जे कामाचं रूप शरीरात तयार होतं, त्याचं रक्तातलं प्रमाण घटलं. सोबत मिरीचा अर्क दिल्यावर ते आणखी घटलं. बाजारातल्या बऱ्याच हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क असतो. म्हणजे कर्करोग टाळायला घेतलेली गोष्ट कर्करोगाच्याच औषधाच्या आड येऊ शकते.

कुठल्या पुडीत काय आहे हे माहीत नसेल तर ती पुडी डॉक्टरांना दाखवा. देणारा माणूस कितीही प्रेमाचा असला तरी.

अंगाची आग होते, घाम फुटतो, झोप येत नाही. हार्मोनच्या गोळ्या घेऊन बरं वाटेल का?

पाळी गेल्यानंतर देतात त्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या गट १ मध्ये आहेत आणि थेट स्तनाशी जोडलेल्या आहेत. स्वीडनमध्ये स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या बायकांवर याची चाचणी चालू होती. आजार परत येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसल्यामुळे ती २००३ मध्ये मध्येच थांबवावी लागली. म्हणून या गोळ्या टाळायच्याच. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या गोळ्या वेगळ्या, त्या हार्मोनला रोखतात आणि त्या चालूच ठेवायच्या. हार्मोन नसलेली औषधं आहेत, ती मागून घ्या. त्यातही एक काळजी: नैराश्यावरची काही औषधं, जसं की पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन, टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतात. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तुमची सगळी औषधं त्यांना दाखवा. योनीमार्गाच्या कोरडेपणाबद्दलही बोला. हे सहन करत बसायचं दुखणं नव्हे, आणि त्यावर उपाय आहेत.

घरातलं सगळं प्लास्टिक आणि नॉनस्टिक फेकून देऊ?

फेकाफेक नको. प्लास्टिकमधली काही रसायनं, उदाहरणार्थ बिस्फेनॉल ए, शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात. त्यांनी माणसात स्तनाचा कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बिस्फेनॉल ए वर बंदी घातली, म्हणजे शंका घेणारे आपण एकटे नाही.

मी एवढंच पाळते: गरम अन्न प्लास्टिकमध्ये नाही. शागोती, सांबार, चहा पिशवीत बांधून देतात, तिथे घरून स्टीलचा डबा नेते. उन्हात तापलेल्या गाडीतल्या बाटलीतलं पाणी पीत नाही. कोरडं धान्य, डाळी प्लास्टिकच्या डब्यात आहेत त्या तशाच आहेत. भजी वर्तमानपत्रात बांधून घेत नाही. छपाईच्या शाईमुळे तसं करू नये असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही सांगितलं आहे.

नॉनस्टिकबद्दलची भीती पीएफओए या रसायनावरून आली. ते डिसेंबर २०२३ मध्ये गट १ मध्ये गेलं. ते तव्याचा लेप बनवताना वापरत असत आणि आता मोठ्या उत्पादकांनी सोडलं आहे. लेप खरवडला गेला असेल तर तवा बदला. घावनांना बिडाचा तवा तसाही चांगलाच.

केस परत आले, पण पांढरे आणि कुरळे. डाय किंवा स्ट्रेटनिंग करू?

आरशात स्वतःला ओळखता न येण्याचं दुःख मला माहीत आहे, म्हणून ‘आता काय करायचंय नटून’ असं मी कोणाला म्हणणार नाही. घरी वैयक्तिक डाय लावणं गट ३ मध्ये आहे. सलूनमध्ये रोज हे काम करणं २अ मध्ये. अमेरिकेतल्या ‘सिस्टर स्टडी’ने, ज्यात पन्नास हजारांच्या आसपास बायका होत्या, २०१९ मध्ये कायमस्वरूपी डाय वापरणाऱ्यांत धोका सुमारे ९ टक्क्यांनी जास्त असल्याचं नोंदवलं. कृष्णवर्णीय बायकांमध्ये तो बराच जास्त दिसला आणि केस सरळ करणाऱ्या रसायनांचाही संबंध आढळला. इतर काही अभ्यासांत एकंदरीत असा संबंध दिसला नाही. म्हणजे प्रश्न उघडा आहे.

उघड्या प्रश्नावर आपण आपल्या मनाने ठरवू शकतो. मी पांढरे ठेवले. माझी मावसबहीण लग्नकार्यालाच लावते. केराटिन स्ट्रेटनिंगच्या बऱ्याच द्रावणांतून गरम इस्त्रीखाली फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ते मात्र टाळा. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात तिच्यात डायचंच रसायन असतं. साधी मेंदी चालेल. केमोनंतर टाळू नाजूक असतो, तो पूर्ववत होईपर्यंत काहीच लावू नका.

डिओ, टाल्कम पावडर, तारेची ब्रा, मोबाइल?

डिओ आणि ब्रा यांचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला नाही. टाल्क २०२४ मध्ये २अ मध्ये गेलं, ते बीजाशयाच्या कर्करोगावरून, म्हणून गुप्तांगाजवळ लावू नका. मोबाइलच्या लहरी २०११ पासून २ब मध्ये आहेत, त्या मेंदूच्या गाठींवरून. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तिथे वस्तरा फिरवताना कापणार नाही याची काळजी घ्या. हात सुजण्याचा धोका खरा आहे.

मी रात्रपाळी करते. नोकरी सोडावी लागेल का?

कॅसिनो, हॉटेलं, वेर्णाच्या औषध कंपन्या, इस्पितळं: गोव्यात रात्री काम करणाऱ्या बायका कमी नाहीत. रात्रपाळी २००७ मध्ये २अ मध्ये आली आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवली. कारणांमध्ये स्तनाचा कर्करोग आहेच. वर्षानुवर्षं रात्रीच्या उजेडात जागून शरीराचं घड्याळ बिघडतं, हे त्यामागचं मुख्य अनुमान. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर नोकरी सोडा असं सांगायचा हक्क कोणालाच नाही. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन दिवसपाळी मागा. उपचारांनंतर थकवा असतो, कारण खरं आहे. ते जमलं नाही तर पाळ्या सारख्या बदलू नयेत म्हणून विचारा आणि दिवसा खोली अंधारी करून सलग झोप घ्या.

पावसाळ्यात घरात कुबट होतं. त्याचं काही?

बुरशी लागलेले शेंगदाणे, खोबरं, मिरच्या फेकायच्याच. काही बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ते गट १ मध्ये आहे, यकृताच्या कर्करोगावरून, आणि धुऊन किंवा शिजवून ते पूर्ण जात नाही. पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठी साठवायचं) सामान मेच्या उन्हात खडखडीत वाळवून हवाबंद ठेवा. वरची बुरशी पुसून खोबरं वाटणात घालायची काटकसर आता नको. कपाटातल्या डांबरगोळ्या म्हणजे नॅप्थलीन, २ब. मी कडुनिंबाचा पाला ठेवते. मच्छर अगरबत्ती बंद खोलीत जाळण्यापेक्षा मच्छरदाणी उत्तम.

जेवणानंतर सुपारी, सकाळी मिश्री?

सुपारी स्वतःच गट १ मध्ये आहे, तंबाखू नसली तरी. आमच्या घरची कुळागरं (सुपारीच्या बागा) आहेत, सुपारीवर घर चाललं आहे, तरी हे लिहिते. पूजेत ठेवा, तोंडात नको. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. आजी लावायची म्हणून ती निरुपद्रवी होत नाही. ज्यांनी छातीवर रेडिएशन घेतलं आहे आणि ज्या धूम्रपान करतात, त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. घरात नवरा ओढत असेल तर त्याला बाहेर पाठवा.

मॅमोग्रामचंही रेडिएशनच ना? आणि मुलगा म्हणतो, दरवर्षी पेट स्कॅन करू.

मॅमोग्रामचं रेडिएशन साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट असतं. दोनेक महिन्यांत जमिनीतून, आकाशातून आपल्याला मिळतं तेवढंच. त्यासाठी तपासणी टाळू नका. पेट स्कॅन आणि सीटीचं कित्येक पटींनी जास्त असतं, आणि काही लक्षणं नसताना ते दरवर्षी केल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. मुलाच्या काळजीचं कौतुक करा आणि त्याला पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे बसवा.

आम्ही खाणीच्या रस्त्यावर राहतो. आमच्या हातात काय आहे?

थोडं आहे, आणि ते मान्य करायला हवं. डिचोली-सत्तरीतली खनिजाच्या ट्रकांची धूळ, वास्को-मुरगावातला कोळसा, रस्त्याकडेला जाळलेलं प्लास्टिक हे एका बाईच्या निवडीचे विषय नाहीत. हवेचं प्रदूषण २०१३ पासून गट १ मध्ये आहे. ट्रक चालू असताना खिडक्या बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसणं, कचरा जाळू न देणं एवढं घरात होईल. बाकीचं ग्रामसभेत उभं राहून बोलायचं असतं. एकटीने जायचं नसेल तर महिला मंडळाला सोबत न्या.

पुरावा पक्का नसताना मी काही टाळलं तर तो वेडेपणा का?

मुळीच नाही. ज्या वाटेवरून एकदा गेलो तिथे परत जायचं नाही असं वाटणं साहजिक आहे. विज्ञानाला उत्तर द्यायला वीस वर्षं लागली तर तोवर आपण आपल्या मनाने वागू शकतो. मी स्वतःला विचारते: हे टाळल्याने माझं काही बिघडतं का? पोषण, औषध, पैसा, झोप, माणसं यांतलं काही हातचं जातं का? जात नसेल तर खुशाल टाळा आणि कोणाला कारण देत बसू नका. स्टीलचा डबा नेल्याने काही जात नाही. मासे, दूध, फळं, बाहेरचं जेवण, चवथीची पंगत असं एकेक सोडत गेलात, वजन घटलं, रात्री आतापर्यंत काय काय पोटात गेलं याची यादी मनात चालू राहिली, तर ती भीती झाली. तिच्यावरही उपचार असतो. ऑन्कॉलॉजीच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते समुपदेशकाकडे पाठवतात. यात कमीपणा नाही.

दुसऱ्या बाईवर मात्र आपली सावधगिरी लादू नये. कोणी डाय लावला, कोणी चोरीस खाल्ला, तिला तिथेच सुनावू नका.

डॉक्टरांकडे जाताना यातलं काय विचारू? तिथे वेळच मिळत नाही.

कागदावर लिहून न्या. माझी गाठ हार्मोन पॉझिटिव्ह आहे का? गोळी किती वर्षं घ्यायची? मी घेते ती सगळी औषधं, काढे, कॅप्सूल यांची यादी द्या आणि यांतलं काही गोळीच्या आड येतं का ते विचारा. हाडांची तपासणी कधी करायची, पुढचा मॅमोग्राम कधी, जनुकांची तपासणी माझ्यासाठी किंवा मुलींसाठी लागेल का, हेही. घरातलं एक माणूस सोबत न्या, त्याने उत्तरं लिहून घ्यायची. जुने रिपोर्ट एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले असले की डॉक्टरांचा शोधण्यात जाणारा वेळ तुमच्या प्रश्नांना मिळतो.